तेरावं चित्र मागू नकोस

पत्र असं आहे:

«ताई, मी मूळचा कुडाळजवळचा, सध्या पुण्यात नोकरीला. गेलं दीड वर्ष एक मराठी व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं आणि संवाद वाचत खेळायचा खेळ) लिहितोय. आजी गेल्यावर केतकी नावाची मुलगी गावच्या घरी येते आणि आजीनं जमिनीचं नेमकं काय केलं ते शोधते, अशी गोष्ट. स्क्रिप्टमध्ये २३ जागा, ९ माणसं आणि ६ खास प्रसंगचित्रं आहेत, म्हणजे एकूण ३८. चित्रं माझी मावसबहीण काढणार. तिची मेमध्ये परीक्षा आहे. ती म्हणाली, ‘बारा चित्रं देईन, तेरावं मागू नकोस. एका माणसाचे सगळे चेहरे एका फाइलीत चालतील, पण माणूस बदलला की ते नवं चित्र.’ आता परीक्षा होईपर्यंत थांबू, उरलेली २६ एआयकडून काढून घेऊ, की गोष्ट छाटू? छाटायला बसलो की हात चालत नाही. स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. अरे-तुरे करा. — बारा चित्रांत अडकलेला»

प्रिय अडकलेल्या,

तुझी मावसबहीण मला फार आवडली. आकडा सांगितला, नियम सांगितला, मोकळी झाली. माझ्या पहिल्या खेळाच्या वेळी चित्रकार मैत्रिणीनं असं काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. हॉस्टेलची गोष्ट होती, ३१ बॅकग्राउंड लिहिली होती. तिनं नऊ रंगवली. दहाव्याच्या वेळी माझ्या मेसेजला उत्तर यायला दोन दिवस लागले, अकराव्याच्या वेळी आठवडा, पुढचं तू समज. ती नऊ चित्रं अजून माझ्याकडे ‘फायनल_२’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत. त्यांत हॉस्टेलचा जिना तीन वेळा आहे, कारण मला तो तीन बाजूंनी हवा होता. त्या जिन्यात काय घडणार होतं, ते आता मलाही आठवत नाही.

तुझे दोन पर्याय आधी उरकते. थांबू नकोस. परीक्षेनंतर निकाल असतो, निकालानंतर आणखी काहीतरी असतं, आणि दीड वर्षाची तीन वर्षं होतात. एआयही नको. त्याला पडवी सांगितलीस तर तो पडवी देईल, पण तीच पडवी संध्याकाळची मागितलीस की तीन खांबांचे चार होतील आणि कौलं जाऊन भलतंच छप्पर येईल. स्टीमवर, म्हणजे खेळांच्या ऑनलाइन दुकानात, खेळ चढवायचा असेल तर जानेवारी २०२४पासून एआय कुठे वापरलंय ते जाहीर करावं लागतं, ते वेगळंच. पण माझं खरं कारण घरातलं आहे. तिच्या बारा चित्रांशेजारी ती २६ लावलीस की सगळ्यांत आधी ते तिला दिसेल. मग बारा तरी कशाला काढू, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं?

उरली छाटणी. तुझी स्क्रिप्ट मी दोनदा वाचली. तू ३८मधून २६ वजा करायला बसलायस, म्हणून हात चालत नाही. वजाबाकी करून जे उरेल ते भोकं पडलेलं उरेल. त्यापेक्षा असं विचार: ह्या माणसांना घर सोडून कुठे जाताच येत नसेल, तर ही गोष्ट कशी घडेल?

तुझ्या गोष्टीत ह्याची सोय आहे, तू ती वापरलेली नाहीस. केतकी गावी येते ती आजी गेल्यानंतर ‘काही महिन्यांनी’. ते ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ कर. म्हणजे घरात सुतक. तेरा दिवस घरची माणसं गावात हिंडणार नाहीत. देवळात जायचं नाही, म्हणजे तुझ्या देवळाचं गाभारा-सभामंडप-घाट असं तीन चित्रांचं प्रकरण गेलं. शाळेतले गुरुजी, तलाठी, पोस्टमन, ज्यांच्या ज्यांच्या दारात केतकी पावसातून चालत जाते, ते सगळे आता आपल्या पायांनी पडवीत भेटायला येतील. सुतकाच्या घरातून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही, गप उठतात आणि जातात. तुझ्या स्प्राइटला, म्हणजे पडद्यावरच्या माणसाच्या चित्राला, ह्यापेक्षा स्वस्त ‘एक्झिट’ मिळणार नाही: माणूस होता, आता नाही, आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाताचा डबा येतो. जमिनीचं भांडण असलेल्या घरात डबा कोणाकडून आला आणि कोणाकडून आला नाही, ह्यावर एक अख्खा दिवस लिहून होईल. आणि तुमच्याकडे दहाव्याला मुंडण करत असतील तर काकांचा चेहरा दहाव्या दिवशी एकदम वेगळा दिसेल. तिच्या नियमाप्रमाणे माणूस तोच, फाइल तीच. केस वेगळ्या लेअरवर (थरावर) ठेवायला सांग, झालं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या चमूनं २०१६ साली ‘व्हीए-११ हॉल-ए’ हा खेळ काढला. तो जवळजवळ सगळा एका बारच्या काउंटरवर घडतो. नायिका पेय बनवून देते, गिऱ्हाइकं येऊन बसतात, बोलतात, जातात. बाहेरचं अख्खं शहर त्यांच्या बोलण्यातून कळतं. तुमच्याकडे बारच्या जागी पडवी आहे, आणि पेयाच्या जागी काही नाही, कारण सुतकाच्या घरात पाहुण्याला चहा विचारायची पंचाईत. ते ओशाळलेपणही लिही.

आता हिशेब. चार बॅकग्राउंड: पडवी, माजघर, मागचं दार आणि विहीर, एसटीची खिडकी. चार माणसं: काका, काकू, केतकीचा भाऊ, शेजारच्या वहिनी. दोन प्रसंगचित्रं. हे झाले दहा. अकरावं खेळ उघडल्यावरच्या पहिल्या पानाचं. ते तुझ्या ३८मध्ये कुठेच नाही. सगळे विसरतात, आणि मग शेवटच्या रात्री पडवीवरच नाव डकवून वेळ मारून नेतात. बारावं तूर्त हातात राखून ठेव, त्याचं शेवटी सांगते.

केतकी ह्या यादीत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिला काढू नकोस. ती बघणारी आहे, आपण तिच्या डोळ्यांनी बघतो. शेवटच्या प्रसंगचित्रात एकदाच दिसू दे, तीही अर्धी.

तलाठी, गुरुजी, भटजी आणि पोस्टमन हे चौघं चित्राशिवाय. इथे तू म्हणशील, जमिनीची गोष्ट आणि तलाठीच दिसत नाही? तुझ्या स्क्रिप्टमधलाच प्रसंग घेते. तू लिहिलंयस: केतकी तलाठी कार्यालयात शिरते, भिंतीवर नकाशे, टेबलावर फायलींचे ढीग, तलाठी चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, ‘सातबारा कोणाच्या नावचा?’ एक जागा, एक माणूस, आणि त्याच्या मागची गर्दी. खर्च खूप. आणि खरं सांगू का, प्रसंग सपाट आहे. त्याला माहिती हवी असते, तिला माहिती हवी असते, दोघं फॉर्म भरल्यासारखे बोलतात. हाच प्रसंग पडवीत आणून बघ:

पडवी, दिवेलागण. समोर काका, नेहमीचा चेहरा.
बाहेरून आवाज: आहात काय घरात?
काका: या भाऊसाहेब. बसा.
तलाठी: बसत नाही. कळलं, म्हणून आलो. मार्चात म्हातारी स्वतः चालत आली होती सातबारा न्यायला. तेव्हा काय ठणठणीत होती!
(काकांच्या भुवया बदलतात. डोळे तेच, तोंड तेच.)
काका: …सातबारा?
तलाठी: तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा.
(काका पडद्यावरून जातात. रिकामी पडवी.)
काकांचा आवाज: केतकी, आत जा. दिवा लाव.

तलाठ्याचं चित्र हवं होतं का? बोलणाऱ्याचं तोंड बघून आपल्याला काय मिळणार होतं? ऐकणाऱ्याच्या भुवया बघून सगळं कळलं. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये जो बोलतो त्याला दाखवायची सवय सगळ्यांना असते. चित्रं मोजकी असली की ती सवय मोडते, आणि मला विचारशील तर ती मोडलेलीच बरी. ज्याच्यावर बोलणं जाऊन आदळतं, त्याला पडद्यावर ठेव.

न दाखवलेली माणसं ओळखू येतात ती बोलीतून. पोस्टमन फाटकातून ‘हंयसर सही कर गो’ म्हणाला की पुढच्या वेळी त्याच्या नावाची पट्टीही लागणार नाही. गुरुजी पुस्तकी बोलतील, भटजी घाईत. १९९४ साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम ह्या खेळयंत्रावर चुनसॉफ्ट कंपनीचा ‘कामाइताची नो योरु’ हा खेळ आला. त्यात बर्फात अडकलेल्या लॉजमधली सगळी माणसं नुसत्या निळ्या सावल्या आहेत, मागे जागांचे फोटो. चेहरा एकाचाही नाही. त्यातल्या खुनाचा संशय कोणावरही जाऊ शकतो, कारण कोणाच्याच तोंडावर काही लिहिलेलं नाही.

हातवाऱ्यांचंही तसंच. २००१मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर आलेला ‘ग्याकुतेन साइबान’, इंग्रजीत ‘एस अॅटर्नी’, सात जणांच्या चमूनं केला. पडदा २४० बाय १६० पिक्सेलचा. तेच कोर्ट, तीच टेबलं, वकिलाच्या त्याच त्या चार-पाच लकबी. पण टेबलावर हात आपटायची लकब इतक्या नेमक्या जागी येते की लोक तिची वाट बघायला लागतात. काकूंना एकच लकब दे, समजा पदराचं टोक बोटाला गुंडाळणं. ती खोटं बोलताना दोनदा आणि खरं बोलताना एकदा वापर. बघू कोणाच्या लक्षात येतं.

आता मावसबहिणीला काय सांगायचं. इथे नीट सांगितलंस तर बारा चित्रांतून चाळीस निघतात. उगाच सांगितलंस तर बाराच निघतात, आणि त्यातली दोन परत काढावी लागतात.

पडवी एकदाच रंगवायची, पण आकाश, दिवा, दिव्याचा उजेड आणि दाराची फळी वेगवेगळ्या लेअरवर. दिवसाच्या चित्रावर निळा रंग ओतला की रात्र झाली असं पुष्कळांना वाटतं. तसं केलं की भिंतीवर पडलेलं दुपारचं ऊनही निळं होतं आणि पडवी मत्स्यालयासारखी दिसते. म्हणून ऊन आणि सावली तिनं मूळ भिंतीवर रंगवूच नये, वर वेगळी ठेवावी. मग सकाळ, दुपार, दिवेलागण, रात्र, वीज गेलेली रात्र आणि दार बंद असलेली पडवी, सहा जागा झाल्या. रेन्पायमध्ये, म्हणजे असे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रंग फिरवायची सोय इंजिनातच आहे, तुला फोटोशॉपही लागणार नाही.

चेहऱ्यात भुवया, डोळे आणि तोंड वेगळं. प्रत्येकाचे तीन प्रकार केले की सत्तावीस चेहरे. त्यातले निम्मे विचित्र दिसतील, ते टाक. माणसं कंबरेपर्यंतच काढायची, पाय कोणी बघत नाही.

आणि एक चूक सगळे करतात, ती तू करू नकोस. माणूस डावीकडून उजवीकडे न्यायचा असला की चित्र सरळ उलटं करतात, आरशासारखं. जपानी शाळेच्या गणवेशात फारसं कोणाला कळत नसेल. वहिनींना उलटं केलंस की त्यांचा पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि चमकी उजव्या नाकपुडीत. कुडाळमधली एकही बाई पुढचं वाक्य वाचणार नाही, ती पदरच बघत बसेल. काकांच्या सदऱ्याचा खिसाही उजवीकडे जाईल. उलटं करायचं असेल तर पदर वेगळ्या लेअरवर, नाहीतर वहिनींनी जन्मभर उजवीकडेच उभं राहावं. दुसरा उपाय सोपा आहे.

दोन प्रसंगचित्रांपैकी पहिलं ट्रंकेचं. खेळ १९२० बाय १०८० असेल तर हे एकच चित्र तिला ३८४० बाय २१६० काढायला सांग. मग आधी फक्त कुलूप दाखव, पडदाभर. आणखी दहा ओळींनी ट्रंकेचा कोपरा आणि त्यावर कोणाचा तरी हात. हात कोणाचा ते बांगड्यांवरून कळेल, पण लगेच नाही. अख्खं चित्र सगळ्यांत शेवटी. चित्र मोठं असल्यामुळे तुकडे फाटणार नाहीत. तिच्या हिशेबात एक, तुझ्या हिशेबात तीन.

रंगांचं तिला विचार. जपानमध्ये एनईसीच्या पीसी-९८ संगणकांवर हे खेळ वाढले, तेव्हा पडद्यावर ४०९६पैकी एका वेळी १६ रंग चालायचे. दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून तिसऱ्याचा भास करायचे. तिनं ठिपके मांडायची गरज नाही, पण बारा चित्रांना मिळून एकच ठरावीक रंगपेटी घेतली तर तिचा रंगवायचा वेळ नक्की वाचेल, आणि फेब्रुवारीत काढलेले काका एप्रिलमधल्या माजघरात उपरे दिसणार नाहीत.

तिनं चित्रं मोजली आहेत, फोटो मोजलेले नाहीत. ही पळवाट मी सांगितली असं तिला सांगू नकोस. र्‍युकिशी०७नं २००२च्या उन्हाळ्यात कॉमिकेट ह्या टोकियोतल्या हौशी प्रकाशकांच्या जत्रेत ‘हिगुराशी’ ह्या व्हिज्युअल नॉव्हेलचा पहिला भाग विकायला ठेवला, तेव्हा त्यातली गावाची बॅकग्राउंड म्हणजे फिल्टर मारलेले फोटो होते, गिफू प्रांतातल्या शिराकावा-गोचे. माणसं त्यानं स्वतः काढली होती आणि हात तर असे, जणू पोरांनी हातमोजे घातलेत. आवाज नाहीत, प्रसंगचित्रं नाहीत. तरी लोक घाबरले, आणि आजही घाबरतात. पण त्यानं जागा म्हटलं की फोटो, माणूस म्हटलं की चित्र, असं सगळीकडे सारखं ठेवलं. तू रंगवलेल्या पडवीनंतर फोटोतला रस्ता टाकलास तर ठिगळ दिसेल. फोटो वापरायचेच तर फक्त वस्तूंसाठी, दोन रंगांत उतरवून: किल्ली, डबा, एसटीचं तिकीट. सातबारा मात्र खरा वापरू नकोस, त्यावर तुझ्या चुलत्यांची नावं असतील आणि पुढच्या गणपतीत तुला घरात घेणार नाहीत.

आता तू विचारशील, ‘एकच पडवी वीस मिनिटं बघून लोक कंटाळणार नाहीत का?’ अरे, तू कुडाळचा. पिंगुळी गाव तुला मी सांगायला हवं का? ठाकर समाजातले चित्रकथी कागदावरचं एक चित्र समोर उभं करतात आणि त्यावर गात, बोलत राहतात. राम त्याच बाजूनं, तोच डोळा, रावण तसाच. चित्र हलत नाही. गाणारा एकटा सगळ्यांचे आवाज काढतो आणि कथा पुढे सरकली की चित्र बदलतं, तोवर नाही. ह्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या खेपेला गावी जाशील तेव्हा तिथल्या संग्रहालयात अर्धा तास बस, आणि एका चित्रावर गाणारा किती वेळ काढतो ते घड्याळ लावून मोज. मग पडवीची काळजी कर.

लोक कंटाळतात ते चित्रात दिसतंय तेच वाक्यात परत वाचावं लागलं की. तुझ्या पहिल्या पानावर पडवीच्या खांबांचं, झोपाळ्याचं, कौलांचं वर्णन आहे, पाच ओळी. चित्र येणार आहे ना? पुसून टाक. झोपाळ्याची कडी करकरते ते लिही, ओल्या शेणाचा वास लिही, आजीच्या जागेवर कोणी बसत नाही ते लिही.

देवनागरीबद्दल दोन शब्द. रेन्पायची ८.१ किंवा त्यानंतरची आवृत्ती घे, जुन्यात जोडाक्षरं मोडतात. सोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मुक्ता किंवा बलू टाक, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे आणि मोफत. वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते, म्हणून खालच्या चौकटीत चारऐवजी तीनच ओळी धर.

आणि मावसबहिणीला आजच यादी पाठवू नकोस. आधी तेरा दिवसांची स्क्रिप्ट नव्यानं लिही आणि चित्रांशिवाय चालव. रेन्पायमध्ये चित्र नसलं तर विकसकाला तात्पुरती आकृती दिसते, ती पुरे. सबंध खेळ त्या आकृत्यांवर खेळ. जिथे तुलाच वाटेल की इथे चित्र नसलं तरी चालतंय, तिथलं चित्र कापून दुसरीकडे दे. माझ्या चार-चार-दोनच्या हिशेबाला चिकटून राहू नकोस. कदाचित एसटीची खिडकी लागणारच नाही, काळ्या पडद्यावर इंजिनाचा आवाज पुरेल.

ह्या आकृत्यांचा खेळ मग तिला खेळायला दे, अभ्यासातून सुटी असेल त्या दिवशी. राखून ठेवलेलं बारावं चित्र तिचं. कशाचं काढायचं ते तिला ठरवू दे, आणि त्या जागेसाठी आधीच दोन पानं लिहून ठेवू नकोस. आधी तिला काढू दे, मग तू लिही.